मानेचा टीबी म्हणून आलेली गाठ: नागपुरातील एक प्रकरण

रुग्ण ४८ वर्षांचे, उमरेड भागातले, व्यवसाय शिलाईकाम. तक्रार मानदुखीची, सव्वा वर्षापासूनची. नागपूरला आमच्याकडे आले तेव्हा मणक्याच्या टीबीची औषधे सुरू होऊन पाच महिने झाले होते आणि दुखणे कमी व्हायच्या ऐवजी हातांत उतरू लागले होते. तपासाअंती निघाला तो कॉर्डोमा, म्हणजे हाडातला एक दुर्मीळ, सावकाश वाढणारा कर्करोग, मानेच्या चौथ्या मणक्यातला. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय बदलले आहे.

कॉर्डोमा दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एकाला होतो. त्यातले बरेचसे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत नाहीतर कवटीच्या तळाशी. मानेच्या मण्यांत फार थोडे. विदर्भातल्या बहुतेक डॉक्टरांना तो आयुष्यात एकदाही दिसणार नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या माणसाचे पुढचे सगळे गाठीचा तुकडा काढणाऱ्या एका सुईवर अवलंबून होते. ती सुई कधी टोचायची, कुठून टोचायची आणि कोणाला विचारून टोचायची, हा प्रश्न कॉर्डोमापुरता नाही. मणक्यातल्या कुठल्याही संशयास्पद गाठीला तो लागू आहे आणि असे रुग्ण आपल्याकडे दर आठवड्याला येतात.

दुखण्याचा इतिहास

पहिले आठ-नऊ महिने कोणालाच काळजी वाटली नाही, स्वतः रुग्णालाही नाही. "आमचं कामच मान खाली घालून असते जी, तर दुखनारच," हे त्यांचे शब्द. कॉलर झाली, शेक झाला, दुखण्याच्या गोळ्या झाल्या, गावात एकाकडून दोनदा मालिशही करून घेतली. मालिशवाल्याने मान झटक्याने फिरवली नाही हे नशीब. पोखरलेल्या मणक्यावर असा झटका बसला तर माणूस जागच्या जागी लुळा पडू शकतो.

मग दोन गोष्टी बदलल्या. दुखणे रात्री जास्त होऊ लागले. कामाचे दुखणे पाठ टेकली की उतरते. हे पहाटे तीन वाजता उठवून बसवत होते. आणि पोळीचा घास अडकू लागला. वरण-भात जायचा, पोळी, भाकर जात नव्हती. म्हणून ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना घशाच्या मागच्या भिंतीला उजवीकडे फुगवटा दिसला आणि त्यांनी लगेच एमआरआय सांगितला. या प्रकरणात योग्य वळण देणारे पहिले डॉक्टर तेच.

एमआरआयच्या अहवालात चौथा मणका खराब झालेला, समोर मोठी गाठ, मज्जारज्जूवर थोडा दाब, आणि शेवटच्या ओळीत 'क्षयरोगाची शक्यता अधिक'. दुसऱ्या एका ठिकाणी त्या एका ओळीवर एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू झाली. गाठीतला तुकडा काही काढला गेला नाही.

असे का होते हे समजून घ्यायला हवे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. मणका पोखरला आहे, समोर गळू दिसते आहे, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) थोडा वाढलेला आहे असा माणूस समोर बसला की आपल्या भागात दहातल्या बऱ्याच वेळा तो टीबीच निघतो. संशय घेणाऱ्याचे काही चुकत नाही. पण संशय आणि निदान यांच्यामध्ये गाठीचा तुकडा असतो आणि तो टप्पा गाळला की औषधच निदान होऊन बसते. दुखणे कमी नाही झाले तर 'अजून दोन महिने घ्या', त्यानंतर 'औषधाला दाद न देणारा टीबी असेल', असे ते वाढत जाते.

या गृहस्थांनी एकही डोस चुकवला नव्हता. गोळ्यांचे रिकामे पत्तेसुद्धा पिशवीत ठेवले होते. वजन सहा किलोने उतरले होते, जेवणाची वासना गेली होती, यकृताच्या तपासण्या वाढीव होत्या. "गोळ्या खाऊन खाऊन पोट गेलं, मान तशीच," असे त्यांच्या पत्नीने सांगितले.

तपासणी

हातांबद्दल त्यांनी आपणहून काही सांगितले नाही. विचारल्यावर म्हणाले, सुईत दोरा जाऊन नाही राहिला. काजाला तर त्यांनी महिनाभर हातच लावला नव्हता. ते काम मुलगा करत होता. सोबत आणलेल्या एका शर्टाची तुरपाई त्यांनी दाखवली. एका टोकाला टाके एकसारखे, बारीक. पुढे अंतर कमीजास्त होत गेलेले. मज्जारज्जूवरच्या दाबाचा इतका स्पष्ट पुरावा कुठल्या तक्त्यात मिळत नाही. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला की बऱ्याचदा आधी ताकद जात नाही, बोटांची सफाई जाते. हात पकडून जोर बघणारा डॉक्टर 'ताकद चांगली आहे' म्हणून मोकळा होतो, आणि रुग्णाला शर्टाची गुंडी लागत नसते.

दहा सेकंदांत मूठ उघडझाप करायला सांगितली. निरोगी माणूस वीसच्या आसपास करतो. यांना अकरा जमल्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक टिचकीने हलवले की अंगठा आत वळत होता, म्हणजे मज्जारज्जूवर दाब असल्याची खूण, हॉफमनचे लक्षण, होते. गुडघ्याचे झटके जोरदार. एका रेषेत पाऊल टाकताना तोल जात होता. खांदे उचलण्याची ताकद दोन्हीकडे पूर्ण होती. खांदा उचलणारी पाचवी नस शाबूत असल्याची ही नोंद पुढे उपयोगी पडली.

वर्षभरापूर्वीचा मानेचा एक साधा एक्स-रे त्यांच्याकडे होता. 'स्पॉन्डिलोसिस', म्हणजे मणक्यांची झीज, एवढाच शेरा. बाजूने काढलेल्या त्या चित्रात मणक्यांच्या समोरची मऊ सावली बघितली तर ती स्पष्ट जाड होती. ढोबळ नियम सोपा आहे: मोठ्या माणसात ही सावली दुसऱ्या मणक्यासमोर ६ मिलिमीटरच्या आणि सहाव्यासमोर २२ मिलिमीटरच्या आत हवी. इथे तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोरच ती पंधराच्या वर होती. मानेच्या एक्स-रेत आपण सगळे हाडे बघतो. हाडांसमोरची ती राखाडी पट्टीही बघायची सवय लावून घ्यावी.

चित्रे काय सांगत होती

एमआरआय पुन्हा केला, या वेळी काँट्रास्टसह आणि संपूर्ण पाठीचा. टी२ या प्रकारच्या चित्रात गाठ पाण्याइतकी पांढरी, आत काळसर पडदे, कडा गोलाकार फुग्यांच्या. काँट्रास्ट कडेला गोल न भरता आतल्या पडद्यांवर ठिपक्याठिपक्यांनी भरत होता. गळू असते तर साधारणपणे बाहेरची कड उजळली असती. चौथ्या मणक्याच्या वरची आणि खालची चकती जवळपास शाबूत होती. टीबी बहुधा चकतीलगतच्या कडेपासून खायला लागतो आणि चकती बसते. सीटीमध्ये उजवीकडची हाडाची भिंत गेलेली आणि गाठीत हाडाचे बारीक तुकडे विखुरलेले दिसले.

तरी चित्रावरून शपथ घेता येत नाही. चकती शाबूत ठेवून अस्थिबंधाखालून पसरणारा टीबीही असतो आणि दोन-तीन मणक्यांवर पसरणारा कॉर्डोमाही असतो. या वयात दुसरीकडच्या कर्करोगाची गाठ आणि प्लाझ्मासायटोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींची गाठ) हेही यादीत वर येतात. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, तर चित्रात कॉर्डोमाचा जुळा भाऊ दिसतो. म्हणून छाती-पोटाचा सीटी, रक्तातल्या प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी) हे करून घेतले. सगळे निर्दोष.

काळजीची बाब उजव्या बाजूला होती. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन व्हर्टेब्रल धमन्या बहुतेक माणसांत सहाव्या मणक्यापासून वर, मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांतल्या छिद्रांतून जातात. गाठीने उजवीकडचे चौथ्या मणक्याचे छिद्र खाऊन त्या धमनीला अर्ध्याहून जास्त वेढले होते. डावी धमनी जाड होती, म्हणजे मुख्य पुरवठा तिचा होता. हे त्यांच्या पथ्यावर पडले.

सुई

इथे थोडा वेळ थांबतो.

कॉर्डोमा गर्भातल्या नोटोकॉर्डच्या (मणके घडण्याआधीच्या दांड्याच्या) उरलेल्या पेशींपासून होतो. वाढतो सावकाश, दूर पसरतो उशिरा, पण जिथे सांडतो तिथे रुजतो. शस्त्रक्रियेत गाठ फुटली आणि आतला बुळबुळीत पदार्थ जखमेत पसरला तर काही वर्षांनी तिथेच नवीन गाठी उभ्या राहतात. सुईच्या वाटेलाही तोच धोका असतो. म्हणून बायोप्सीची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदावरच असावी लागते, म्हणजे गाठीसोबत ती वाटही कापून काढता येते. घशातून तोंडावाटे सुई घालणे सोपे वाटते, फुगवटा तर समोर दिसत असतो. पण त्यात घशाचे आवरण बाधित होते आणि ते कापून काढणे म्हणजे अन्ननलिकेच्या तोंडाशी भोक ठेवणे. याच कारणाने आम्ही आग्रह धरतो की मणक्याच्या गाठीची बायोप्सी कुठेही करा, पण शस्त्रक्रिया जो करणार त्याने छेदाची रेघ आखून दिल्यावरच करा. गावातून नागपूरला यायला दोन दिवस लागले तरी चालतील.

मानेच्या उजव्या बाजूला पुढच्या छेदाची रेघ मी आधी आखली. रेडिओलॉजिस्टने सीटीच्या टेबलावर काँट्रास्ट देऊन कॅरोटिड धमनी कुठे आहे ते पाहिले, बोटाने ती बाहेर सरकवली आणि श्वासनलिका व धमनी यांच्या मधून सुई नेली. बाहेर एक पोकळ नळी आणि तिच्या आतून तुकडा घेणारी सुई, म्हणजे चार तुकडे घेतले तरी वाट एकच राहते. शेवटी त्वचेवर शाईचा बारीक ठिपका गोंदवून ठेवला.

तुकडा ताटलीत पडला तेव्हाच बरेचसे कळले. टीबीचा पू पातळ असतो, पिवळसर, कण असलेला. हे गार झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखे होते, अर्धपारदर्शक, चिकट, सुईला लोंबणारे.

अर्धा नमुना फॉर्मेलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये. हे मुद्दाम लिहितो, कारण सगळाच नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला की टीबीचे कल्चर होऊ शकत नाही आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते. असे अनेकदा होते.

सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी, निगेटिव्ह आली. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दुसऱ्या दिवशी फोन करून स्लाइड बघायला बोलावले. निळसर, पाणीदार पार्श्वभूमीवर पेशींच्या माळा, आणि पेशींच्या पोटात फुगेच फुगे, मधला केंद्रक एका कडेला ढकललेला. १८५७ मध्ये विर्खोने कवटीच्या तळाशी अशाच फुगेवाल्या पेशी पाहून लिहून ठेवल्या होत्या. कॉन्ड्रोसार्कोमापासून वेगळे करायला आज आपल्याकडे रंजके आहेत: केराटिन, ईएमए आणि सर्वांत भरवशाचे ब्रॅक्युरी. नोटोकॉर्ड घडवणारे हे प्रथिन कॉर्डोमाची खूण आहे हे २००६ पासून वैद्यकाला माहीत आहे. यांच्या नमुन्यात केंद्रके ब्रॅक्युरीने गडद तपकिरी झाली. एकेटी त्याच दिवशी बंद केली. कल्चरचा निगेटिव्ह अहवाल सहा आठवड्यांनी आला, तोवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती.

आखणी

कॉर्डोमावर नेहमीची केमोथेरपी चालत नाही. नेहमीच्या मात्रेतले रेडिएशनही पुरत नाही. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत मोठी संधी असते, कारण दुसऱ्यांदा शिरताना सगळे चिकटलेले आणि सांडलेले असते.

आदर्श म्हणजे गाठ न उघडता, भोवतीच्या निरोगी आवरणासह एकसंध काढणे. छातीच्या किंवा कमरेच्या मणक्यात हे जमवता येते. मानेत दोन्ही बाजूंना धमन्या, मध्ये मज्जारज्जू, आणि प्रत्येक नसेला काम नेमून दिलेले. तिसरी, चौथी आणि पाचवी नस मिळून श्वासपटल चालवतात. पाचवी खांदाही उचलते. आखणीसाठी आम्ही १९९७ ची वाइनस्टाइन-बोरियानी-बियाजिनी पद्धत वापरली. मणका घड्याळाप्रमाणे बारा भागांत आणि बाहेरून आत थरांत वाटायचा, गाठ कुठल्या भागांत आहे ते भरायचे, आणि कुठला भाग निरोगी आहे ते पाहून तिथून हाड कापायचे. डाव्या बाजूचे तीन-चार भाग निरोगी होते. तिथून मज्जारज्जू मोकळा करता येत होता. स्थैर्याचा सिन्स गुण १८ पैकी १० आला, म्हणजे मणका डळमळण्याच्या बेतात. स्क्रू-पट्टीचा आधार लागणारच होता.

घरच्यांशी बोलणे दोनदा झाले. पत्नी, मुलगा आणि धाकटे भाऊ. मी त्यांना कागदावर चित्र काढून सांगितले की उजवी धमनी आणि उजवी चौथी नस आम्ही जाणूनबुजून सोडून देणार आहोत, खांद्यावरचा तळहाताएवढा भाग बधिर राहील, काही आठवडे नळीने जेवावे लागेल, आणि मज्जारज्जूच्या आवरणाशी गाठ किती चिकटली आहे हे आत गेल्यावरच कळेल. भावाने विचारले, "साहेब, नाही केलं तर?" नाही केले तर हात जातील, मग पाय, मग श्वास; किती महिन्यांत ते सांगता येत नाही. हे असेच सांगावे. गुळमुळीत बोलून संमती घेणे मला पटत नाही.

मुंबईला पाठवायचे का, हाही प्रश्न होता आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. चित्रे आणि स्लाइड मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवून मत घेतले. आखणी जुळली. कान-नाक-घसा, भूल, रक्तवाहिन्यांचे इंटरव्हेन्शन आणि मज्जारज्जूचे निरीक्षण ही सगळी माणसे नागपुरात एका छताखाली जमत होती, म्हणून इथेच करायचे ठरले.

आधी अँजिओग्राफी. जागेपणी उजव्या धमनीत फुगा फुगवून रक्त अर्धा तास अडवले. बोलणे, दृष्टी, गिळणे, हातपाय, सगळे तपासत राहिलो. काही बिघडले नाही. मग कॉइल (धातूच्या बारीक तारेची गुंडाळी) सोडून धमनी गाठीच्या वर आणि खाली बंद केली.

शस्त्रक्रिया

दोन टप्पे, मधे एका दिवसाची विश्रांती.

भूल देण्यापासूनच कसरत होती. घशात फुगवटा आणि मान वाकवायची नाही, म्हणून जागेपणी नाकातून दुर्बिणीवर नळी घातली. भूलतज्ज्ञांनी वायूची भूल टाळून शिरेतून प्रोपोफॉल चालवले, कारण भुलेच्या वायूने मज्जारज्जूचे विद्युत संदेश दबतात आणि निरीक्षणाचा उपयोग राहत नाही. पालथे करण्यापूर्वी एकदा आणि पालथे केल्यावर एकदा संदेश नोंदवले. दोन्ही जुळले तेव्हाच सुरी हातात घेतली.

पहिल्या टप्प्यात मागून दुसऱ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत स्क्रू, चौथ्याची मागची कमान काढली. डावीकडे हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलने आडव्या प्रवर्धाचे छिद्र उघडून डावी धमनी मोकळी केली. सर्वांत हळू काम हे. मेंदूच्या मागच्या भागाचा सगळा भार आता त्या एका धमनीवर होता आणि तिच्या भोवतीचे शिरांचे जाळे हात लावला की वाहते. कापूस आणि रक्त थांबवणारी पेस्ट लावून, थांबून, पुन्हा थोडे, असे दीड तास चालले. उजवीकडे चौथी नस मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बांधून कापली, पाचवी सांभाळली.

दुसरा टप्पा समोरून. बायोप्सीचा शाईचा ठिपका मध्ये ठेवून त्वचा लंबगोल कापली आणि ती वाट आतपर्यंत एका पट्टीत गाठीला जोडलेलीच ठेवली. घशाची भिंत सोडवण्याचे काम कान-नाक-घशाच्या सर्जननी केले. स्वरयंत्राच्या वरच्या नसेसह ती शाबूत सुटली. मणक्यासमोरचे लाँगस कोली स्नायू गाठीवर आवरण म्हणून ठेवले. वरची आणि खालची चकती कापली, तिसऱ्या मणक्याची खालची कडही घेतली.

मागच्या बाजूला, मज्जारज्जूच्या आवरणाशी, उजव्या कडेला एका जागी अस्थिबंध उरलाच नव्हता. गाठीचे आवरण आणि ड्युरा, म्हणजे मज्जारज्जूचे आवरण, एक झाले होते. तेवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली धारदार सोडवताना गाठीचे आवरण तिथे उघडले. भोवती आधीच ओले कापडी पॅड दाबून ठेवले होते, त्यामुळे जे आले ते तिथेच शोषले गेले. बाकी गाठ मणक्यासह एका तुकड्यात निघाली. ड्युरा कापून काढणे शक्य होते, पण घशाच्या अगदी मागे मेंदूपाण्याची गळती आणि त्यातून मेनिंजायटिस, हा सौदा आम्ही केला नाही. त्या जागी प्रोटॉनच्या रेडिएशनवर भिस्त ठेवायची हे आखणीतच ठरले होते.

रिकाम्या जागेत कार्बन फायबरचा पिंजरा बसवला. टायटॅनियमचा स्वस्त पडला असता, पण धातूमुळे पुढचे एमआरआय धूसर होतात आणि प्रोटॉनचा मारा किती खोल जाईल हे गणित बिघडते. मागचे स्क्रू मात्र टायटॅनियमचेच. तेवढी तडजोड खर्चासाठी.

नंतरचे दिवस

दोन रात्री नळीवरच ठेवले. घशाची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असते आणि घाईने नळी काढून पुन्हा घालायची वेळ आली तर नवी मान हाताळावी लागते. नळीचा फुगा सैल करून बाजूने हवा जाते आहे हे पाहिले आणि मगच काढली. आवाज घोगरा होता, महिन्याभरात सुधारला. नाकातल्या नळीने जेवण तीन आठवडे. आधी घट्ट पेज, मग मऊ भात. पाण्यासारखे पातळ पदार्थ शेवटी, कारण तेच चुकून श्वासनलिकेत जातात. हे घरच्यांना उलटे वाटते आणि प्रेमापोटी पहिला घोट पाण्याचा दिला जातो, म्हणून खाटेवर पाटी लावली होती. छातीच्या एक्स-रेत उजवे श्वासपटल किंचित वर, पण दम लागत नव्हता.

पॅथॉलॉजीचा अहवाल अपेक्षेप्रमाणे आला: कॉर्डोमा, सर्व कडा गाठीच्या पेशींपासून मुक्त, ड्युराकडची उजवी कड सोडून. बायोप्सीच्या वाटेत पेशी सापडल्या नाहीत.

जखम भरल्यावर प्रोटॉनसाठी टाटा मेमोरियलकडे पाठवले. कॉर्डोमाला ७० ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनचे माप) वर मात्रा लागते आणि मज्जारज्जूला साधारण ५० ग्रेच्या आसपासच धोका सुरू होतो. दोघांत अंतर काही मिलिमीटरचे. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात; प्रोटॉन ठरवलेल्या खोलीवर ऊर्जा सोडून थांबतो, म्हणून इथे तो हवा. भारतात ही सोय २०१९ पासून चेन्नईच्या अपोलोत आणि २०२३ पासून खारघरला टाटांच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात आहे. आठवड्यातून पाच दिवस, सात-आठ आठवडे. शिंप्याच्या घराला दोन महिने मुंबईत काढणे ही शस्त्रक्रियेइतकीच मोठी गोष्ट. परळच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, पुढे खारघरला खोली. समाजसेवा विभागाच्या ताईंनी कागदपत्रे आमच्याकडूनच तयार करून दिली होती, त्यामुळे नोंदणीला खेटे पडले नाहीत. रुग्ण पाठवताना स्लाइड, पॅराफिनचे ब्लॉक, शस्त्रक्रियेची टिपणी आणि वापरलेल्या प्रत्येक इम्प्लांटची नोंद सोबत द्यावी. ब्लॉक मागवायला माणूस परत नागपूरला यावा लागणे टाळता येते.

सध्या

दहा सेकंदांत मूठ एकोणीस वेळा उघडझाप होते. काज करू लागले आहेत. मशीनची मांडणी बदलून टेबल उंच करून घेतले, कारण मान आता फारशी वाकत नाही. उजव्या खांद्यावरचा भाग बधिर आहे आणि राहील. मागे बघायला सगळे अंग वळवावे लागते, त्यामुळे दुचाकी सोडायला सांगितली. ते त्यांना अजून जड जाते.

एमआरआय पहिली पाच वर्षे दर सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. कॉर्डोमा दहा वर्षांनंतरही उलटू शकतो, त्यामुळे 'बरे झालात' हा शब्द मी वापरत नाही आणि त्यांनाही तो मागू नका असे सांगितले आहे. अठरा महिन्यांच्या चित्रात ड्युराच्या उजव्या कडेला काही मिलिमीटर जाडीची एक पट्टी दिसते. ती व्रणाची असावी. टी२ मध्ये ती काळी आहे, कॉर्डोमा पांढरा दिसला असता. तिचे माप नोंदवून ठेवले आहे. वाढली किंवा उजळली तर पुन्हा बायोप्सी, आणि तिची वाट जुन्याच छेदावरून, हे त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे, म्हणजे त्या वेळी समोर कोणीही डॉक्टर असला तरी त्याला ते आधी वाचावे लागेल.